उपकार मानणे, फेडणे आणि स्मरणे : मराठी ख्रिस्ती धर्मभाषेतील कृतज्ञतेचा इतिहास

१

नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ ह्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीस ख्रिस्ती जीवनाचे एक सूत्र सांगितले आहे. देवाकडून जे प्राप्त झाले त्याबद्दलची कृतज्ञता हा त्या सूत्राचा पूर्वार्ध होय. त्या कृतज्ञतेतून घडणारी सेवा आदराने व भयाने व्हावी, हा त्याचा उत्तरार्ध होय. मूळ ग्रीक वाक्यात पूर्वार्धासाठी ‘खारिस’ हा शब्द योजिला आहे. त्याचा अर्थ ‘कृपा’ असाही होतो, आणि त्या कृपेची घेणाऱ्याच्या मनात उमटलेली जाणीव, म्हणजे ‘कृतज्ञता’, असाही होतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ह्या स्थळी पहिला अर्थ स्वीकारला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने दुसरा स्वीकारला. प्रचलित मराठी भाषांतराने ‘उपकार मानणे’ हा शब्दप्रयोग करून दुसऱ्या अर्थाचीच बाजू घेतली आहे.

देणाऱ्याचे देणे आणि घेणाऱ्याचे मानणे ह्या दोहोंस एकच शब्द पुरावा, ही ग्रीक भाषेची सोय आहे. मराठीस ती उपलब्ध नाही. मराठीत ‘कृपा’ एकीकडे राहते आणि ‘उपकार’ दुसरीकडे राहतो. शिवाय ‘उपकार’ म्हटला की त्याच्या पाठोपाठ परतफेडीची कल्पना येते. ज्याने उपकार केला त्याचे आपण देणे लागतो, ते फेडल्यावाचून सुटका नाही, आणि जो फेडीत नाही तो कृतघ्न, असा ह्या शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थविस्तार आहे. उलटपक्षी, देवाची कृपा ही विनामूल्य असून तिची परतफेड करता येत नाही, ही ख्रिस्ती सिद्धांताची मध्यवर्ती भूमिका आहे. तेव्हा परतफेडीची भाषा बोलणाऱ्या समाजात परतफेड न होणाऱ्या देण्याविषयीची कृतज्ञता कोणत्या शब्दांनी बोलावी, हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती लेखकापुढे आणि भाषांतरकारापुढे उभा राहिला. चार शतकांत ह्या प्रश्नाला जी उत्तरे दिली गेली, त्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ती उत्तरे तीन क्रियापदांभोवती फिरतात : मानणे, फेडणे आणि स्मरणे.

२

प्रथम ह्या क्रियापदांची मराठीतील पूर्वपीठिका पाहावयास हवी. ‘कृतज्ञ’ ह्या संस्कृत शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘जे केले गेले ते जाणणारा’ असा आहे. येथे भर जाणण्यावर आहे, देण्याघेण्यावर नाही. ‘आभार’ ह्या शब्दात मात्र ‘भार’ उघड दिसतो. उपकार हे घेणाऱ्याच्या माथ्यावरील ओझे होय, अशी ती कल्पना आहे. ‘ऋणी असणे’ ह्या प्रयोगात हिशोबाची वही उघडलेलीच आहे. पोर्तुगीज भाषेतील आभाराचा नित्याचा शब्द ‘ओब्रिगादु’ हाही ‘बांधलेला’ ह्याच अर्थाचा असल्यामुळे, कृतज्ञतेकडे बंधन म्हणून पाहणे हे एकट्या मराठीचे वैशिष्ट्य नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

वैदिक परंपरेत मनुष्य तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे मानले आहे. देवऋण यज्ञाने, ऋषिऋण अध्ययनाने आणि पितृऋण संततीने फेडावयाचे असते. लोकधर्मात हाच व्यवहार नवसाच्या रूपाने आढळतो. इच्छित फळ मिळाल्यावर बोललेला नवस फेडला नाही तर देव कोपतो, अशी समजूत आहे. येथे ‘फेडणे’ हे क्रियापद धर्मजीवनाच्या केंद्रस्थानी येते.

संतांच्या भक्तिमार्गाने ह्या व्यवहारास छेद दिला. तुकोबांच्या संतमहिम्यावरील सुप्रसिद्ध अभंगात ‘उपकार’ आणि ‘उतराई’ हे दोन्ही शब्द येतात. परंतु उतराई होण्यासाठी द्यावे तरी काय, असा प्रश्न तेथे विचारलेला आहे आणि जीव अर्पण केला तरी ते थोडेच ठरते, असा त्याचा भाव आहे. परतफेडीची भाषा वापरूनच परतफेडीची अशक्यता बोलून दाखविण्याची ही रीत वारकरी वाङ्मयात रूढ झाली होती. फेडण्याऐवजी काय करावयाचे, ह्याचे उत्तरही त्या परंपरेने दिले : नामस्मरण. ‘स्मरण’ हा शब्द अशा रीतीने मराठी भक्तीच्या भाषेत आधीच प्रतिष्ठित झालेला होता. ख्रिस्ती लेखकांना ही भाषा आयती मिळाली. तिचा उपयोग त्यांनी कसा केला, हा पुढील इतिहासाचा विषय होय.

३

ह्या इतिहासाचा आरंभ गोव्यातील साष्टी प्रांतात होतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तो काळ शांततेचा नव्हता. १५६७ साली साष्टीतील देवळांचा विध्वंस झालेला होता. १५८३ साली कुंकळी येथे रूडॉल्फ आक्वाव्हिवा ह्यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले, आणि पुढे पोर्तुगीज सत्तेने कुंकळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणे येथे बोलावून ठार केले. अशा प्रदेशात ‘देवाचे उपकार’ हा शब्द उच्चारताना तो सत्तेच्या उपकारांपासून निराळा ठेवणे किती अवघड होते, ह्याची कल्पना करता येते. धर्मांतरामागे सक्तीचा भाग होता हे नाकारून त्या काळच्या ख्रिस्ती वाङ्मयाचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही.

स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाची रचना ओवीबद्ध आहे. ‘पहिले पुराण’ छत्तीस अवस्वरांचे असून त्यात जुन्या करारातील कथा आहे; ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरांचे असून त्यात ख्रिस्तचरित्र आहे. एकूण ओवीसंख्या दहा हजारांहून अधिक भरते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एका ब्राह्मणाने पाद्रीस प्रश्न केला की, जुनी पुराणे तर वर्ज्य झाली, मग मनोरंजनासाठी व बोधासाठी वाचावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पुराण सांगितले आहे, असा खुद्द ग्रंथातलाच प्रस्ताव आहे.

कृतज्ञतेच्या दृष्टीने ह्या प्रस्तावाचे महत्त्व मोठे आहे. ज्या लोकांची पुराणे काढून घेतली गेली, त्यांनी ती मागावयास यावे आणि त्यांना आज्ञांची यादी न देता पुन्हा पुराणच द्यावे, ह्यात धर्मोपदेशाची एक विशिष्ट पद्धत गृहीत धरली आहे. देवाने काय काय केले, ते प्रथम क्रमाने ऐकावे. ऐकता ऐकता उपकाराची जाणीव व्हावी. आणि त्या जाणिवेतून आदर उत्पन्न व्हावा, अशी ती पद्धत आहे. सृष्टीच्या निर्मितीपासून आरंभ करून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत येणारी कथा ही ह्या दृष्टीने पाहता एक दीर्घ उपकारकथाच आहे. ‘कृतज्ञ’ शब्दातील ‘जाणणे’ येथे श्रवणाच्या मार्गाने साधले जाते.

ही पद्धत बायबलला परकी नाही, हे मुद्दाम नोंदवावयास हवे. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळे अर्पण करण्याचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने नव्या पिकाची टोपली घेऊन याजकाकडे जावे एवढ्याने तो विधी पुरा होत नाही. टोपली ठेवल्यावर त्याने आपल्या पूर्वजांचा इतिहास, म्हणजे त्यांची भटकंती, मिसर देशातील दास्य आणि देवाने केलेली सुटका, तोंडाने सांगावयाचा असतो. टोपलीतील धान्य देवाचे देणे फेडीत नाही; ते इतिहासकथनास निमित्त होते. इस्राएली कृतज्ञतेचे हे स्वरूप आणि पुराणश्रवणाची मराठी प्रथा ह्यांतील साम्य स्टीफन्स ह्यांच्या मनात स्पष्ट होते किंवा नाही, ह्या प्रश्नापेक्षा त्यांच्या ग्रंथाने ते साम्य प्रत्यक्षात आणले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

शब्दयोजनेतही हीच दृष्टी दिसते. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास स्टीफन्स कचरत नाहीत. मात्र काही सांप्रदायिक संज्ञा पोर्तुगीज-लॅटिन रूपातच ठेवतात. लंडन येथील प्राच्यविद्या संस्थेत मार्सडेन संग्रहात असलेल्या देवनागरी प्रतीत अशा संज्ञांच्या जागी अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आढळतात. स्टीफन्स ह्यांच्याच नावावर असलेली ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही गुरुशिष्यसंवादरूप प्रश्नोत्तरी १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूर येथेच प्रसिद्ध झाली. तिची भाषा कोकणी आहे. म्हणजे काव्यासाठी मराठी आणि नित्याच्या शिक्षणासाठी कोकणी अशी विभागणी होती.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि ह्या वाङ्मयपरंपरेचा ओघ गोव्यात क्षीण झाला. तथापि मंगळूरकडील कोकणी ख्रिस्ती समाजाने पुराणाची हस्तलिखिते जतन केली. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने ते देवनागरीत प्रसिद्ध झाले. गोव्याच्या बोलीत मात्र कृतज्ञतेचे एक स्वतंत्र सूत्र आजही ऐकावयास मिळते. आभार मानावयाचे असता कोकणी माणूस ‘देव बरें करूं’ असे म्हणतो. त्यात ‘मी ऋणी आहे’ असा उल्लेख नाही. उपकार करणाऱ्याचे देणे बोलणारा स्वतः फेडीत नाही. ते तो देवावर सोपवितो. पोर्तुगीजांतील ‘देऊश ल्यि पाग’, म्हणजे ‘देव तुला ह्याची फेड करो’, हा प्रयोग ह्याच जातीचा आहे; परंतु तेथे ‘फेडणे’ शिल्लक आहे, कोकणी सूत्रात केवळ ‘बरे करणे’ आहे. मराठी खेड्यांतील ‘देव तुमचं भलं करो’ हा आशीर्वादही ह्याच्या जवळचा होय. हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही ही भाषा बोलतात. त्यामुळे तिच्यावर कोणत्याही एका धर्माचा शिक्का मारता येत नाही.

४

ह्या इतिहासाचा दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकातील बायबलच्या भाषांतरांचा आहे. विल्यम कॅरी ह्यांनी सेरामपूर येथे पंडित वैजनाथ शर्मा ह्यांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली आणि संपूर्ण नवा करार १८११ साली बाहेर पडला. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर करून १८२६ साली नवा करार आणि १८४७ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध केले. त्यानंतर अनेक संशोधने होत होत आजचे प्रचलित भाषांतर सिद्ध झाले आहे.

भाषांतरकारांसमोरील अडचण दुहेरी होती. जुन्या करारात कृतज्ञतेसाठी जो हिब्रू शब्द वारंवार येतो तो ‘तोदा’ होय. त्याच्या मूळ धातूचा अर्थ उघडपणे मान्य करणे, कबूल करणे, स्तवन करणे असा आहे. पापाची कबुली आणि देवाच्या उपकाराची कबुली ह्या दोन्ही अर्थांनी तो धातू येतो. नव्या करारात ‘यूखारिस्तिया’ हा शब्द आहे. त्याच्या पोटी ‘खारिस’ म्हणजे कृपा आहे. ख्रिस्ताने अखेरच्या भोजनाच्या वेळी भाकर घेऊन जे केले त्यासाठी हाच धातू वापरलेला असून, त्यावरून त्या संस्कारास पश्चिमेकडील भाषांत आभाराचेच नाव पडले आहे. म्हणजे ख्रिस्ती उपासनेचा मध्यबिंदूच शब्दशः कृतज्ञतेचा आहे.

प्रचलित मराठी बायबलात ह्या शब्दांसाठी एक प्रतिशब्द नाही. ‘उपकार मानणे’, ‘उपकारस्तुती’, ‘उपकारस्मरण’, ‘आभारप्रदर्शन’ असे अनेक प्रयोग आढळतात. भाषांतरशास्त्राच्या दृष्टीने ही अनिश्चितता म्हणून दोषास्पद मानता येईल. परंतु सूक्ष्मपणे पाहिल्यास ह्या विविधतेत एक विवेक आहे. ‘आभारप्रदर्शन’ हा शब्द सभासंमेलनांतील शिष्टाचारामुळे आज निस्तेज झाला आहे. त्यात प्रदर्शन अधिक आणि आभार कमी, असे वाटू लागते. ‘उपकारस्तुती’ ह्या समासात उपकाराचे पर्यवसान स्तुतीत होते. घेणाऱ्याचे लक्ष आपल्या ओझ्यावरून देणाऱ्याच्या थोरवीकडे वळते. हिब्रू ‘तोदा’तील स्तवनाचा अंश ह्या समासाने चांगला पेलला आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत जन्म, विवाह, आजारातून उठणे, नवे घर अशा प्रसंगी ‘उपकारस्तुतीची प्रार्थना’ ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे हा शब्द पुस्तकी न राहता घरगुती झाला आहे.

‘उपकारस्मरण’ हा शब्द एकशे सातव्या व एकशे छत्तिसाव्या स्तोत्रांच्या आरंभी येतो. ह्या दोन्ही स्तोत्रांत देवाच्या चांगुलपणाचा निर्देश करून लगेच त्याच्या कृत्यांची मालिका सांगितली आहे. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात तर सृष्टीच्या उत्पत्तीपासून मिसरमधील सुटकेपर्यंतचा सर्व इतिहास येतो. येथे ‘तोदा’च्या धातूसाठी ‘स्मरण’ घालणे हे कोशाच्या दृष्टीने काटेकोर नाही. ‘कबूल करणे’ आणि ‘आठवणे’ ह्या भिन्न क्रिया आहेत. परंतु स्तोत्रांच्या आशयाच्या दृष्टीने ते अत्यंत उचित आहे. एकशे तिसऱ्या स्तोत्रात कवी आपल्याच जिवाला, देवाचे कोणतेही उपकार विसरू नकोस, असे बजावतो. कृतघ्नतेचे मूळ दुष्टपणात नसून विसरण्यात आहे, हा त्या स्तोत्राचा अभिप्राय ‘उपकारस्मरण’ ह्या मराठी समासात नेमका उतरला आहे. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकास तो परका वाटत नाही आणि बायबलच्या अर्थासही तो सोडीत नाही.

‘फेडणे’ हे क्रियापद मात्र बायबलातून हद्दपार झालेले नाही. एकशे सोळाव्या स्तोत्रात कवी विचारतो की, देवाने केलेल्या सर्व उपकारांबद्दल मी त्याला काय देऊ? तुकोबांच्या प्रश्नाशी ह्या प्रश्नाचे साम्य सहज लक्षात येते. पुढे तो नवस फेडण्याची भाषा करतो. परंतु त्यापूर्वी त्याने दिलेले पहिले उत्तर विलक्षण आहे. तारणाचा प्याला मी हाती घेईन, असे तो म्हणतो. काय देऊ, ह्या प्रश्नास ‘आणखी घेईन’ हे उत्तर! जो दाता आहे त्याच्याकडून पुन्हा घेणे हीच त्याच्या दातृत्वाची कबुली होय, असा ह्याचा अर्थ आहे. नवस त्यानंतर येतो. तो उपकाराची किंमत म्हणून येत नाही, सर्व लोकांसमक्ष केलेली जाहीर कबुली म्हणून येतो. ‘फेडणे’ येथे ‘मानणे’च्या आश्रयास गेले आहे.

५

कृतज्ञतेबरोबर येणाऱ्या दुसऱ्या वृत्तीचा, म्हणजे आदरभयाचा, विचार आता केला पाहिजे. ‘इब्री लोकांस पत्र’ ह्यातील वचनाच्या जुन्या हस्तलिखितांत ‘यूलाबेया’ व ‘देओस’ हे दोन शब्द आहेत. पहिल्यात जपून, अदबीने वागण्याचा भाव आहे. दुसऱ्यात थोरवीपुढे वाटणारा धाक आहे. उत्तरकालीन प्रतींत ‘देओस’च्या जागी मर्यादेचा वाचक ‘आयदोस’ हा शब्द दिसतो. मराठीत ‘आदर’ आणि ‘भय’ ही जोडी आली. जुन्या करारातील ‘यिरआ’ ह्या हिब्रू शब्दासाठीही ‘परमेश्वराचे भय’ हाच प्रयोग रूढ झाला.

‘भय’ हा शब्द मराठी धर्मभाषेत काहीसा अवघडलेला आहे. भक्तिपरंपरेत भय हे नाहीसे करावयाचे असते. देव अभय देतो, भवभय हरण करतो. देवाचे भय बाळगावे, असे म्हटल्यावर शिक्षेची भीती किंवा कोपाची धास्ती एवढाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येण्याचा संभव असतो. मग कृतज्ञता आणि भय ह्यांचा मेळ बसत नाही. ज्याची धास्ती वाटते त्याचे उपकार मनापासून मानले जात नाहीत.

ह्या अडचणीचे निराकरण बायबलच करते. एकशे तिसाव्या स्तोत्रात म्हटले आहे की, देवाच्या ठायी क्षमा आहे, आणि त्यामुळे लोक त्याचे भय बाळगतात. कोपामुळे भय वाटावे हे सर्वांस समजते. क्षमेमुळे भय कसे वाटावे? शिक्षेचे भय शिक्षा टळताच संपते. क्षमा मिळालेल्या मनुष्याचे भय मात्र त्या क्षणी सुरू होते. कारण आपल्याला जे मिळाले त्याची थोरवी आणि आपली अपात्रता ही दोन्ही त्याला एकाच वेळी दिसतात. मराठीत ह्या भावनेच्या जवळचा शब्द ‘भीड’ हा आहे. थोर माणसाने आपला शब्द राखला म्हणजे त्याच्यासमोर जी भीड वाटते, तिच्यात धास्ती नसते. त्याच्या विश्वासास तडा जाऊ नये एवढीच काळजी असते. ‘भय’ शब्दाबरोबर ‘आदर’ जोडून भाषांतरकारांनी हाच अर्थ सुचविला आहे. आदराने भयास कोपाच्या कल्पनेपासून सोडविले आणि भयाने आदरास केवळ शिष्टाचार होऊ दिले नाही. कृतज्ञता आणि आदरभय ह्या अशा रीतीने दोन निराळ्या वृत्ती न राहता एकाच जाणिवेच्या दोन बाजू ठरतात.

६

शब्दांचा हा विचार प्रत्यक्ष समाजजीवनात कसोटीस लागला तो दख्खनच्या दुष्काळांत. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांतील आणि पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या वर्षांतील दुष्काळांनी खेडोपाडी हाहाकार उडविला. अहमदनगर भागात मिशनने अन्न, काम, शाळा पुरविल्या, आणि त्याच काळात महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. पोटासाठी धर्म सोडला, हा आरोप त्यांच्यावर झाला. तो आरोप सरसकट करणारांनी ह्या कुटुंबांचा पूर्वेतिहास दृष्टीआड केला. बलुत्याच्या व्यवस्थेत त्यांना मिळणारी भाकर ही कामाचा मोबदला असूनही उपकार म्हणूनच टाकली जात असे. ‘उपकार’ ह्या शब्दाचा त्यांचा अनुभव वरून टाकलेल्या आणि वाकून घेतलेल्या वस्तूचा होता. ह्या अनुभवातून आलेल्या मनुष्यास देवाचे उपकार आणि साहेबाचे उपकार निराळे करून दाखविणे, हे धर्मशिक्षणाचे खरे काम होते. ते सर्वत्र झाले असे म्हणता येत नाही. जेथे ते झाले नाही, तेथे पाटलाच्या जागी मिशन आले आणि ‘मायबाप’ हा शब्द तसाच राहिला.

ह्या प्रश्नाची जाणीव ज्यांना तीव्रतेने झाली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक हे अग्रगण्य होत. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील बराच काळ त्यांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये घालविला. ख्रिस्ती उपासनेत मराठी अभंग, पद, कीर्तन ह्यांना त्यांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्यांच्या रचनाप्रकाराच्या निवडीचा कृतज्ञतेशी असलेला संबंध तितकासा लक्षात घेतला गेला नाही. इंग्रजी स्तोत्रांच्या चालीवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत मराठी ख्रिस्ती मनुष्य परक्याने दिलेली कृतज्ञता उच्चारीत होता. अभंगात तो स्वतःच्या भाषेतील उतराईपणाची परंपरा वापरून बोलू लागला. संतांनी परतफेडीच्या अशक्यतेची कबुली देण्यासाठी जो छंद घडविला होता, तो कृपेच्या सिद्धांतास अनुरूप होता. टिळकांनी तो निवडला ह्यात लोकप्रियतेचा हिशोब असेलही. पण शब्दार्थाचा औचित्यविचारही होता.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ ह्या नावाची, बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांची बंधुता स्थापण्याचा उपक्रम हाती घेतला. मिशनऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते; अनेकांशी स्नेह होता. वेतन सोडण्याचा अर्थ एवढाच की, देवाच्या देण्याची कृतज्ञता मनुष्याच्या देण्याच्या हिशोबात अडकू नये. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी पुढे नेले. श्रवणातून उपकाराची जाणीव हा ‘क्रिस्तपुराणा’चा जो मार्ग होता, त्याच मार्गावर तीन शतकांनंतर हे दुसरे मराठी ख्रिस्तकाव्य उभे राहिले.

पंडिता रमाबाई ह्यांचे कार्य ह्याच संदर्भात पाहावयास हवे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणून त्यांना आश्रय दिला. केडगाव येथील मुक्ति सदन त्यातून वाढले. ह्या स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत बायबल असावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण भाषांतर केले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा अंत झाला. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना वाचविले त्यांनी आपले नव्हे तर देवाचे उपकार मानावेत, ही रमाबाईंची भूमिका होती. आणि ते मानावयाचे तर मूळ ग्रंथ त्यांच्या स्वतःच्या हाती, त्यांच्या बोलीजवळच्या भाषेत असला पाहिजे, हा तिचा व्यावहारिक निष्कर्ष होता. कृतज्ञतेला मध्यस्थापासून मुक्त करण्याचा हाही एक मार्ग होय.

७

ग्रंथ आणि चळवळी ह्यांच्या बाहेर, शेताच्या बांधावर, ही कृतज्ञता कशी जगते हेही पाहावयास हवे. मुंबई व वसई परिसरातील मराठी बोलणाऱ्या जुन्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ह्या समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ हा सण पाळतात. भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणतात, त्यांवर आशीर्वाद मागतात आणि मग त्या घरोघर नेतात. ‘आगेरा’ शब्दाचा संबंध शेत ह्या अर्थाच्या लॅटिन ‘आगेर’ शब्दाशी जोडतात. शब्द परका असला तरी आचार परका नाही. नवे धान्य घरात येताना देवापुढे ठेवण्याची कोकणपट्टीची चाल सर्व जातिधर्मांस समान आहे. गोव्यात हाच सण कणसांचा म्हणून साजरा होतो.

नवसाची परंपराही लुप्त झालेली नाही. वांद्र्याच्या मतमाउलीच्या डोंगरावर सप्टेंबरातील जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात, आणि वाहणारांत सर्व धर्मांचे लोक असतात. शुद्ध सिद्धांताच्या कसोटीवर हा व्यवहार ‘फेडणे’ ह्या सदरात टाकून त्याची उपेक्षा करणे सोपे आहे. परंतु ज्याचा पाय बरा झाला तो मेणाचा पाय घेऊन चारचौघांदेखत डोंगर चढतो, तेव्हा तो पायाची किंमत देत नसतो. एवढ्याशा मेणाने ती दिली जात नाही, हे त्यालाही कळते. आपल्यावर झालेल्या उपकाराची ती उघड कबुली असते. एकशे सोळाव्या स्तोत्रातील नवसाचा अर्थ ह्याहून फार निराळा नाही.

ह्या सर्व पाहणीवरून एक निष्कर्ष निघतो. मराठी ख्रिस्ती धर्मभाषेने ‘उपकार’ हा शब्द टाकला नाही. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद बदलण्याचा प्रयत्न केला. फेडण्याकडून मानण्याकडे आणि मानण्याकडून स्मरणाकडे अशी तिची वाटचाल आहे. ही वाटचाल सरळ नव्हती. गोव्यात सत्तेच्या सावलीने आणि दख्खनमध्ये दुष्काळाच्या अन्नाने तिला पुन:पुन्हा ऋणाच्या हिशोबाकडे ओढले. तरीही जेथे कथा सांगितली गेली, स्तोत्र स्वतःच्या छंदात गायिले गेले आणि ग्रंथ स्वतःच्या हाती आला, तेथे कृतज्ञता दास्य न होता आदर होऊ शकली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या ‘सुबोध बायबल’ ह्या ग्रंथास भाषांतराचा २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ह्याचे महत्त्व त्या परंपरेच्या सातत्यात आहे. हे शब्द अद्याप घडत आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

साष्टीतील राय ह्या गावी दर वर्षी ५ ऑगस्ट रोजी भाताचे पहिले कणीस कापून चर्चमध्ये आणतात. ‘क्रिस्तपुराण’ जेथे छापले गेले ते रायतूर तेथून जवळच आहे. ज्या ग्रंथात देवाचे उपकार ओवीओवीने सांगितले, त्याच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कणीस मात्र दर वर्षी चर्चमध्ये येते.